दिवाळी ते ३१ डिसेंबर : घरातल्या कुत्र्यासाठी सणासुदीची तयारी

घरात पहिल्यांदाच कुत्रा आणलेल्या कुटुंबाची खरी कसोटी वसुबारसेला सुरू होते आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतरच संपते. या काळात जेवणाच्या वेळा पुढे-मागे होतात, पाहुणे येऊन राहतात, दाराची बेल सतत वाजते, ओट्यावर दिवसभर तळण चालू असते आणि अंधार पडला की बाहेर फटाके सुरू होतात. कुत्र्याला यातले काहीच कळत नाही. त्याला रोजच्यासारखा दिवस हवा असतो, आणि या लेखातल्या बहुतेक सूचना सण चालू असतानाही त्याचा रोजचा दिवस कसा टिकवायचा याविषयीच आहेत. त्यातली निम्म्याहून अधिक कामे दिवाळीच्या आधी करायची आहेत, कारण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घाबरलेल्या कुत्र्यासाठी करता येण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

अनंत चतुर्दशीनंतर लगेच

महाराष्ट्रात एक सोय अशी आहे की दिवाळीत कुत्रा कसा वागेल याचा अंदाज गणेशोत्सवातच येतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशे आणि फटाके वाजत असताना तो कुठे गेला, त्याने खाल्ले का आणि शांत व्हायला त्याला किती वेळ लागला, हे लिहून ठेवावे. धापा टाकणे, पुन्हा पुन्हा जांभया देणे, ओठ चाटणे, कान मागे पाडणे, शेपूट पायांत घालणे आणि आवडीचा खाऊही नाकारणे ही भीतीची लक्षणे आहेत. त्यांतल्या जांभया आणि ओठ चाटणे नवख्या माणसाच्या हमखास नजरेतून सुटते, कारण कुत्रा आळसावला आहे किंवा त्याला भूक लागली आहे असेच वाटते.

अनंत चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन हा साधारण दीड महिना असतो आणि पूर्वतयारीला तो पुरतो. या काळात पहिली फेरी पशुवैद्यांकडे व्हावी. रेबीजची वार्षिक लस, इतर आजारांची एकत्रित लस आणि जंतनाशक यांच्या तारखा पाहून घ्याव्यात. पावसाळा संपता संपता गोचिडांचा त्रास वाढलेला असतो आणि गोचीड ताप बऱ्याचदा ऐन दिवाळीत उफाळतो, म्हणून गोचिडांवरचे औषधही याच वेळी विचारून घ्यावे. दिवाळीत कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचे असेल तर केनेल कफची लस निदान दोन आठवडे आधी झालेली असावी, कारण तो खोकला एका जागी ठेवलेल्या कुत्र्यांमध्ये झपाट्याने पसरतो. चांगली बोर्डिंग महिनाभर आधीच भरतात, शिवाय कुत्र्याला तिथे आधी एक रात्र ठेवून पाहिल्याशिवाय चार दिवस ठेवू नये.

विसर्जनाला फार घाबरलेल्या कुत्र्यासाठी औषधाचा विषय याच भेटीत काढावा. गॅबापेंटिन, ट्रॅझोडोन, अल्प्राझोलम अशी औषधे पशुवैद्य कुत्र्याचे वजन, वय, यकृत आणि हृदयाची स्थिती पाहून देतात. ती आवाज सुरू होण्यापूर्वी पोटात जावी लागतात. भीतीने थरथरणाऱ्या कुत्र्याला नंतर दिलेली गोळी निम्माच उपयोग करते. औषधाची पहिली मात्रा एखाद्या शांत रविवारी, आपण घरी असताना देऊन पाहावी, कारण काही कुत्री अशा औषधाने शांत होण्याऐवजी अधिकच अस्वस्थ होतात आणि हे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कळून उपयोग नसतो. ॲसेप्रोमॅझिन हे जुने गुंगीचे औषध आजही कुठे कुठे एकटेच दिले जाते. त्याने शरीर सुस्त पडते, पण भीती तशीच राहते, म्हणजे कुत्र्याला पळता येत नाही आणि आवाज मात्र ऐकू येत राहतो. ते लिहून दिले असेल तर दुसरा पर्याय आहे का, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. आपल्या किंवा आजोबांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा कुत्र्याला देणे, हा प्रकार तर कधीच करू नये.

आजवर फटाक्यांना न घाबरलेला सात-आठ वर्षांचा कुत्रा यंदा एकाएकी घाबरू लागला असेल, तर त्याचे सांधे तपासून घ्यावेत. दचकल्यावर स्नायू आखडतात, दुखऱ्या सांध्यातून कळ येते आणि कुत्रा आवाजाची सांगड त्या दुखण्याशी घालतो.

आवाजाची सवय

पिल्लू लहान असेल किंवा भीती बेताची असेल, तर या दीड महिन्यात आवाजाची सवय करता येते. मोबाइलवर फटाक्यांच्या आवाजाची ध्वनिफीत अगदी हळू, म्हणजे कुत्रा कान टवकारेल पण खाणे थांबवणार नाही इतक्याच आवाजात लावावी आणि ती चालू असताना उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे एकेक करून द्यावेत. ध्वनिफीत बंद झाली की चिकनही बंद करावे. रोज पाच-दहा मिनिटे पुरतात. आवाज दर दोन-तीन दिवसांनी किंचित वाढवावा आणि कुत्र्याने तुकडा घेणे थांबवले तर आदल्या पातळीवर परत यावे. खऱ्या फटाक्याबरोबर येणारा उजेड, जमिनीचा हादरा आणि दारूचा वास मोबाइलमध्ये नसतो, त्यामुळे या सरावाने भीती पूर्ण जाईल असे मानू नये. मूळचीच तीव्र भीती असलेल्या कुत्र्यावर तर हा प्रयोग प्रशिक्षकाच्या किंवा पशुवैद्यांच्या देखरेखीशिवाय करूच नये, कारण घाईने तो उलटतो.

लपायची जागा

घरातली सर्वांत आतली, रस्त्याकडे खिडकी नसलेली जागा शोधावी. मोठ्या घरात ती कोठीची खोली असेल, वन-बीएचकेमध्ये बाथरूमबाहेरचा बोळ असेल, तर चाळीतल्या खोलीत पलंगाखालचा कोपराही चालेल. बहुतेक कुत्री ही जागा स्वतःच निवडून मोकळी होतात. ओट्याखाली सिलिंडरच्या बाजूला, कपाट आणि भिंत यांच्या फटीत किंवा बाथरूमच्या दारामागे जो कोपरा त्याने विसर्जनाला पकडला होता, तोच त्याचा मानावा आणि तिथून धोकादायक वस्तू हलवाव्यात. त्याला ओढून आपल्या पसंतीच्या जागी नेऊ नये.

त्या जागी त्याचे रोजचे अंथरूण आणि घरातल्या कोणाचा तरी न धुतलेला सुती कपडा टाकावा. पिंजरा वापरत असाल तर तो तीन बाजूंनी जाड गोधडीने झाकावा आणि पुढची बाजू व दार उघडे ठेवावे. भीतीच्या भरात बंद पिंजऱ्याच्या गजांवर दात आणि नखे तोडून घेणारी कुत्री पशुवैद्यांकडे दर दिवाळीत येतात. खिडकी असेल तर जाड चादर लावावी, कारण उजेडाच्या झोतानेही कुत्रा दचकतो. पंखा, टीव्ही किंवा रेडिओ यांचा सलग आवाज बाहेरचे आवाज थोडेफार दडपतो. मात्र ही सगळी मांडणी किमान दोन आठवडे आधीपासून, रोज शांत वेळी वापरात आणावी. ती फक्त फटाक्यांच्या दिवशी केली, तर कुत्रा हुशारीने एवढेच शिकतो की खिडकीवर चादर चढली म्हणजे आता धडधड सुरू होणार.

अंगाला घट्ट बसणारे जाकीट किंवा छातीभोवती गुंडाळलेली ओढणी काही कुत्र्यांना मानवते, काहींना अजिबात नाही. शांत दिवशी घालून पाहावे आणि कुत्रा ताठरून उभा राहिला तर नाद सोडावा. कानात कापूस कोंबू नये. तो आत सरकतो आणि दिवाळीनंतर कान दुखण्याची तक्रार घेऊन जावे लागते.

दिवाळीच्या दिवसांचे वेळापत्रक

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेल्या आदेशात दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० आणि नाताळ व नववर्षाच्या आदल्या रात्री ११.५५ ते १२.३० अशी वेळ ठरवून दिली होती. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ हा शांततेचा काळ धरला जातो. फटाका फुटतो त्या जागेपासून ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणाऱ्या फटाक्यांच्या निर्मितीवर आणि विक्रीवर १९९९ पासूनच बंदी आहे. स्थानिक आदेश दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची पोलिसांची आणि महापालिकेची सूचना वाचावी. कुत्र्याचे वेळापत्रक मात्र या वेळांवर विसंबून आखू नये, कारण नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर पाच वाजताच माळा लागतात हे आपण सगळेच जाणतो. सोसायटीच्या सभेत फटाक्यांसाठी एकच मोकळी जागा आणि एकच वेळ ठरवून घेता आली, तर ती आपल्या हातातली सर्वांत उपयोगी गोष्ट ठरते. तान्ही मुले आणि आजारी वृद्ध असलेली घरे या मागणीला आनंदाने पाठिंबा देतात.

मोठे फिरणे दुपारी चार ते साडेपाचच्या दरम्यान, अंधार पडण्याआधी उरकावे. त्यात नुसते चालणे न ठेवता भरपूर हुंगू द्यावे, कारण नाक वापरून दमलेला कुत्रा संध्याकाळी लवकर निजतो. जेवण सहाच्या आत द्यावे. आवाज सुरू झाल्यावर घाबरलेला कुत्रा खात नाही आणि रिकाम्या पोटी पित्ताची उलटी करतो. झोपण्यापूर्वीची शी-शूची फेरी आवाज विरल्यानंतर, दोन पट्ट्यांनी करावी: एक गळ्यातला आणि एक हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला, जोडलेला. नुसता गळपट्टा घातलेला कुत्रा अचानक सुतळी बॉम्ब वाजल्यावर मागे रेटा देतो आणि पट्टा डोक्यावरून निसटून आपल्या हातात राहतो. दिवाळीत हरवणारी कुत्री बहुधा अशीच हरवतात. म्हणून गळपट्ट्यावर मोबाइल क्रमांक कोरलेला बिल्ला असावा, मायक्रोचिप (कातडीखालची ओळखीची चिप) बसवली असेल तर तिच्या नोंदीतला पत्ता आणि फोन ताजा असावा आणि कुत्र्याचा अलीकडचा, खुणा स्पष्ट दिसणारा फोटो मोबाइलमध्ये हाताशी असावा. महापालिकेचा श्वानपरवाना काढला नसेल तर तोही याच निमित्ताने काढून टाकावा.

नरक चतुर्दशीला सकाळचे फिरणे आठ-नऊपर्यंत पुढे ढकलावे. त्या आधी त्याला गच्चीवर, आवारात किंवा बाथरूममध्ये मोकळे होण्याची सवय असेल तर पहाट निभते. रस्त्यावर लाल कागदाच्या चिंध्यांत अर्धवट जळालेले फटाके आणि फुलबाज्यांच्या तारा पडलेल्या असतात. त्या दारूत बेरियमसारख्या धातूंचे क्षार आणि नायट्रेट असतात, त्यामुळे हुंगण्यावर लक्ष ठेवावे आणि घरी आल्यावर चारही पंजे बोटांच्या बेचक्यांसकट ओल्या फडक्याने पुसावेत.

फटाके वाजत असताना

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर त्याची भीती वाढते, असे अनेक जाणकारही अजून सांगतात, पण ते खरे नाही. भीती ही भावना आहे. खाऊच्या मोहाने शिकलेली ती खोड नाही, त्यामुळे मायेने ती पक्की होत नाही. तो जवळ आला तर त्याला बसू द्यावे, छातीवर किंवा मानेच्या बाजूला संथ हात फिरवावा आणि नेहमीच्या आवाजात बोलावे. तो कोपऱ्यात जाऊन एकटा बसला तर त्याला तसेच राहू द्यावे. घरातल्या माणसांनी मात्र आपला चेहरा आणि आवाज शांत ठेवावा, कारण दर धडाक्याला चार जणांनी धावत येऊन ‘अरे बापरे’ म्हटले तर कुत्र्याची खात्रीच पटते. खिडक्या बंद ठेवल्याने धूरही कमी येतो. पग, शिट्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आणि दम्यासारखा त्रास असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांना धुराचाच जास्त त्रास होतो. त्यांना त्या रात्री बाहेर नेणे शक्य तितके टाळावे.

संध्याकाळी घर सोडून नातेवाइकांकडे जाणे टाळता येत नसेल, तर कोणा एकाने तरी घरी थांबावे. कुत्र्याला गॅलरीत बांधून जाणे धोक्याचे आहे. भीतीने त्याने कठड्यावरून उडी घेतली तर पट्ट्याचा फास बसतो आणि पट्टा नसेल तर तो खाली पडतो.

फराळ आणि सामिष जेवण

मराठी घरात कुत्र्याच्या तब्येतीला फटाक्यांपेक्षा फराळाचा धोका मोठा असतो, असे माझे मत आहे. फटाके काही तास वाजतात, पण डबे पंधरा दिवस उघडे राहतात आणि प्रत्येक पाहुण्याचा हात एकदा तरी खाली जातो.

पहिला शत्रू बेदाणा. द्राक्षे, मनुका आणि बेदाण्यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर होईल हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळे असल्यामुळे सुरक्षित मात्रा सांगता येत नाही. करंजीचे सारण, चिवडा, रव्याचा लाडू, शिरा आणि नाताळचा केक या सगळ्यांत बेदाणे असतात. द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे आता या विषबाधेचे कारण म्हणून पाहिले जाते, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असते. चिंच खाऊन कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून चिंच-गुळाची आमटी, भेळेची चटणी आणि चिंचेचा कोळ त्याच्या ताटलीत घालू नये. भातावर आमटी कालवून कुत्र्याला घालणे ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, पण ती सोडलेली बरी.

दुसरा कांदा-लसूण. कच्चा, शिजवलेला, तळलेला किंवा पूड केलेला, कोणत्याही रूपातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. याची लक्षणे लगेच दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढरट पडणे, लघवी गडद होणे, दम लागणे असे प्रकार सुरू होतात, तोपर्यंत चिवड्यातल्या लसणाच्या तळलेल्या पाकळ्या किंवा भाऊबीजेच्या मटणाचे वाटण कोणाच्या लक्षातही नसते. त्याच मटणाची शिजलेली हाडे दाताखाली टोकदार तुकडे होऊन फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात, मग ती नळी असो की कोंबडीची तंगडी.

तिसरे तूप आणि तळण. चकली, शंकरपाळी, अनारसे यांत विष असे काही नाही, पण एकदम पोटात गेलेल्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. असा कुत्रा वारंवार ओकतो, खात नाही आणि पोट दुखत असल्याने पुढचे पाय जमिनीवर टेकून मागचा भाग उंच ठेवून उभा राहतो. ही खेळाची मुद्रा समजून सोडून देऊ नये.

चॉकलेटमधल्या थिओब्रोमिन या कुत्र्याला विषारी असलेल्या घटकाचे प्रमाण कोकोच्या गडदपणावर अवलंबून असते. दुधाच्या चॉकलेटमध्ये ते ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम, तर गडद चॉकलेटमध्ये ५ मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि कुत्र्याच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या, अस्वस्थता अशी लक्षणे दिसू लागतात. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला गडद चॉकलेटची ४०-५० ग्रॅमची एक वडीही त्रासदायक ठरू शकते. मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या साखरविरहित मिठाईच्या आणि च्युइंग गमच्या वेष्टनावर झायलिटॉल किंवा ई ९६७ लिहिलेले असेल तर तो डबा थेट वरच्या कप्प्यात जावा. झायलिटॉलमुळे कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन एकदम वाढते, अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळू शकते आणि पुढे यकृतही बिघडते. जायफळ मोठ्या प्रमाणात गेल्यास गुंगी आणि झटके आणते, पण श्रीखंडाच्या चाटलेल्या वाटीतल्या चिमटीने तसे सहसा होत नाही. तिथे साखर आणि चक्का हीच काळजी अधिक.

मग त्याला सणाचे काय द्यायचे? बिनमिठाचे उकडलेले चिकन, उकडलेले रताळे, गाजर, दुधी आणि बी काढलेले सफरचंद पुष्कळ झाले. हा सगळा वरखाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा आणि मुख्य जेवण रोजचेच असावे. आजीला ‘एवढासा लाडू दिला तर काय होते’ असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर वाद घालण्यापेक्षा कुत्र्याच्या खाऊचा वेगळा डबा भरून तिच्याच हाती सोपवावा.

तळण चालू असताना कुत्र्याला स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. तो ओट्यापाशी नेमका आपल्या टाचांमागे आडवा होतो, आणि कढईतला झारा घेऊन मागे वळणाऱ्या माणसाला तो दिसत नाही.

पणत्या, माळा आणि ट्रंकेतल्या गोळ्या

पणती त्याला तेलातुपाच्या वासाने ओढते. तो वात विझण्याची वाट पाहत नाही. वात जळत असतानाच कडेने जीभ लावतो आणि मिशा करपवून घेतो, कधी वातही गिळतो. पणत्या त्याच्या नाकाच्या उंचीच्या वर ठेवाव्यात. दिव्यांच्या माळांच्या वायरी पिल्लाच्या तोंडी लागणार नाहीत अशा बांधाव्यात. बॅटरीवर चालणाऱ्या पणत्यांतला गोल चपटा सेल गिळला गेला तर अन्ननलिका काही तासांत भाजून निघते, म्हणून एखादी पणती फुटलेली दिसली की सेल मोजावेत. पूजेचा कापूर विषारी आहे. फुलांत झेंडू फारसा त्रास देत नाही, पण कण्हेरीची फुले आणि पाने हृदयाला घातक असतात.

थंडी सुरू झाली की ट्रंकेतून रजया आणि स्वेटर निघतात आणि त्यांच्या घडीतून डांबरगोळ्या घरंगळतात. नॅफ्थलिनची एखादी गोळीदेखील लहान कुत्र्याला पुरेशी घातक असते. ट्रंक उघडताना कुत्रा दुसऱ्या खोलीत असावा आणि गोळ्या मोजून काढाव्यात.

पाहुणे आणि मुले

भाऊबीजेला घर भरते. कुत्रा कितीही गरीब असला तरी पहिल्या गडबडीत त्याला त्याच्या जागी ठेवावे, सगळे स्थिरस्थावर झाल्यावर पट्टा लावून बाहेर आणावे आणि पाहुण्यांना आधी त्याच्याकडे न पाहता बसायला सांगावे. त्याला वाटले तर तो स्वतः जवळ जाईल. लहान मुलांना तीनच गोष्टी सांगाव्यात: तो झोपला असताना, खात असताना आणि त्याच्या कोपऱ्यात असताना त्याला हात लावायचा नाही. मुले आणि कुत्रा एकाच खोलीत असतील तेव्हा एक मोठा माणूस तिथेच असावा. तो मोबाइलमध्ये डोके घालून बसणारा नसावा. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला रागावू नये. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना आहे, ती बंद पाडली तर तो पुढच्या वेळी थेट चावतो. दात लागून कातडी फुटलीच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन रुग्णालयात जावे, घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरीही.

गावी नेताना

रेल्वेने न्यायचे असेल तर कुत्र्याला सोबत घेता येते ते फक्त फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासमध्ये, तेही संपूर्ण कूपे आपल्या नावावर असेल तरच. अन्यथा तो गार्डच्या डब्यातल्या पेटीतून जातो. दोन्हींसाठी पार्सल कार्यालयात आधी नोंदणी करावी लागते आणि पशुवैद्यांचे ताजे आरोग्य प्रमाणपत्र व लसीकरणाचे पुस्तक जवळ लागते. पेटीतला प्रवास आवाजाचा आणि एकटेपणाचा असतो, घाबरट कुत्र्याला त्यात घालू नये. मोटारीने जाताना निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नये, म्हणजे घाटातल्या वळणांवर ओकारी कमी होते. हार्नेस सीटबेल्टला अडकवावा आणि तोंड खिडकीबाहेर काढू देऊ नये. चहाला थांबल्यावर त्याला बंद गाडीत ठेवून जाणे डिसेंबरच्या दुपारीही जिवावर बेतू शकते.

गावाकडचे धोके शहरातल्या कुत्र्याला माहीत नसतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या उसाच्या पट्ट्यात ऊसतोडणी सुरू झाली की बिबट्यांचा आडोसा जातो, आणि अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा त्यांचे सोपे भक्ष्य ठरतो. तिथे रात्री कुत्रा घरातच, बंद दाराआड झोपवावा आणि अंधारात त्याला एकटे बाहेर सोडू नये. कोकणात जांभ्या दगडांच्या गडग्यांत फुरसे असते. नाक खुपसण्याच्या सवयीने कुत्र्याला बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर दंश होतो. सूज दिसली तर जखम कापू नये, आवळून बांधू नये, कुत्र्याला चालवू नये. उचलून थेट सर्पविषावरची लस असलेल्या दवाखान्यात न्यावे. समुद्रावर त्याने खारे पाणी पिऊ नये म्हणून गोड्या पाण्याची बाटली सोबत ठेवावी. गावातल्या भटक्या कुत्र्यांशी भांडण झाले तर जखम लहान असली तरी ती पशुवैद्यांना दाखवावी.

थंडी

मुंबई-पणजीच्या थंडीत निरोगी कुत्र्याला स्वेटर लागत नाही. तो फोटोपुरता घालून काढून ठेवावा. निफाडला पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण जमतात, तिथे मात्र पिल्लांना, म्हाताऱ्या कुत्र्यांना आणि कारवान किंवा डॉबरमनसारख्या आखूड केसांच्या, सडपातळ जातींना अंगावर कापड आणि जमिनीपासून उचललेले अंथरूण लागते. थंडीत अंघोळीचे अंतर वाढवावे, ती दुपारी घालावी आणि केस मुळापर्यंत कोरडे करावेत. उटणे आणि सुगंधी तेल त्याला लावू नये, कारण तो ते चाटून काढतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे माणसासारखेच कुत्र्यालाही मारक आहे.

नाताळ आणि वर्षअखेर

३१ डिसेंबरची रात्र दिवाळीपेक्षा वेगळी असते. दिवाळीचा आवाज हळूहळू चढत जातो, तर इथे झोपेत असलेल्या कुत्र्यावर बरोबर बाराला सगळे एकदम कोसळते. त्याचे औषध दिवाळीत लागू पडले असेल तर या रात्री देण्याची वेळ डॉक्टरांना विचारून नव्याने ठरवावी, कारण संध्याकाळी सातला दिलेली मात्रा बारापर्यंत ओसरलेली असू शकते. गोव्यात किनाऱ्याजवळ राहायला जाणार असाल तर मध्यरात्री वाळूवर कुत्रा नेऊ नये. रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याच्या केकमध्ये दारू, बेदाणे आणि लोणी एकत्र येतात. अर्धवट भरलेले ग्लास टीपॉयवरून उचलून ठेवावेत. कुत्र्याला बिअर पाजून गंमत पाहणाऱ्या पाहुण्याला तिथल्या तिथे थांबवावे, त्यात संकोच करू नये.

तातडीची वेळ आली तर

वसुबारसेपूर्वीच नेहमीच्या पशुवैद्यांना सुट्टीच्या तारखा आणि पर्यायी डॉक्टर विचारून ठेवावेत. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेले दवाखाने आहेत. जवळच्या दवाखान्याच्या सणातल्या वेळा फोनवर विचारून फ्रिजवर लिहून लावाव्यात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकरा वाजता शोधाशोध करण्याची ती वेळ नव्हे.

काही विषारी खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नये. काय, किती आणि कधी खाल्ले हे लिहून, वेष्टन सोबत घेऊन फोन करावा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे हा घरगुती उपाय स्वतःच विषबाधा घडवतो, आणि सेल किंवा कापूर गिळलेला असताना उलटी काढणे तर अधिकच घातक असते. भाजले तर दहा ते वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नये. दुखण्यावर पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नये, ही माणसांची औषधे कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करतात. कुत्र्याचे तापमान एरवीच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते, त्यामुळे अंग गरम लागले म्हणून ताप आहे असे ठरवू नये, गुदद्वारातून थर्मामीटरने मोजावे. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर पडणे, झटका येणे, पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या येणे, लघवी बंद होणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होईपर्यंत थांबू नये.

आवाज थांबल्यावर एक-दोन दिवस कुत्रा कमी खातो, जास्त झोपतो किंवा फिरायला जायला कचरतो, तेवढे चालते. चोवीस तासांहून अधिक उलट्या-जुलाब, दोन दिवसांहून अधिक उपास किंवा अंगणात पाऊलच न टाकणे हे मात्र दाखवून घ्यावे. त्याच भेटीत कोणते औषध किती वेळ आधी दिले, किती तास टिकले आणि त्या दिवशी त्याचे वजन किती होते, हे लसीकरणाच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर नोंदवून ठेवावे, म्हणजे पुढच्या अनंत चतुर्दशीनंतर डॉक्टरांना अंदाजाने सुरुवात करावी लागणार नाही.